अधिक-उणे तीन इंच

निमतानदारांना वेळ विचारायला पाठवणं हा डहाणूच्या मोजणी कचेरीत नवख्याला फसवण्याचा ठरलेला खेळ होता. मी रुजू झालो त्याच दिवशी कारकुनानं मला पाठवलं. म्हणाला, माझं घड्याळ बंद पडलंय, जरा साहेबांना विचारून या. मी गेलो. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, झाकण उघडलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अकरा वाजून दहा. तीन मिनिटं इकडे किंवा तिकडे."

मी मान तुकवून वळलो, तर म्हणाले, "थांबा. अजून अकरा-दहा व्हायचे असण्याचा संभव जास्त. काल स्टेशनच्या घड्याळाशी ताडलं तेव्हा हे दोन मिनिटं पुढे होतं. आता स्टेशनचं घड्याळ कशाशी ताडलेलं, ते काही स्टेशनमास्तरांना सांगता आलं नाही." मग स्टेशनमास्तरांनी काय सांगितलं, काय सांगायला हवं होतं, हे सगळं झालं. मी बाहेर आलो तेव्हा साडेअकरा वाजायला आले होते आणि कचेरी रुमाल तोंडात कोंबून बसली होती.

निमतानदार म्हणजे, ज्यांना शेतीवाडीचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोजणीदारानं मोजलेली जमीन पुन्हा मोजून बघणारा अधिकारी. आम्ही मोजणीदार गावोगाव साखळी ओढायची, नकाशे काढायचे, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, आणि या माणसानं मागून येऊन आमचं किती चुकलं ते काढायचं. असा माणूस कुणाला आवडणार? पण आमचे साहेब आवडत होते. कारण ते आमची चूक काढत तेव्हा सोबत स्वतःचीही सांगत. "तुझं दीड फुटानं चुकलंय. माझंही चार बोटं चुकलं असेल. तेवढं सोडून बोलू."

त्यांना आम्ही पाठीमागं 'अधिकउणे' म्हणत असू. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या तोंडून एकटा आकडा कधी बाहेर पडलाच नाही. प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं 'अधिक-उणे' असे, जसं नव्या सुनेबरोबर पाठराखीण असते तसं. मसोलीहून कचेरीपर्यंत किती पावलं, मुलीचा ताप किती, डब्यातल्या पोळ्या किती, सगळ्याला अधिक-उणे. पोळ्यांना कसलं अधिक-उणे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मोजून तीन. पण शेवटची लहान असते."

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या, "भाजीत मीठ कमी झालंय का, एवढंच विचारलं, तर म्हणतात तीन घास खाऊन सांगतो. आणि तिन्ही घासांना निरनिराळं सांगतात."

त्यांचा वाढदिवस तीन दिवस चालायचा. त्यांची आई म्हणे नेहमी सांगत असे की तू झालास तेव्हा घरात गौरी होत्या. आल्या त्या दिवशी, जेवल्या त्या दिवशी की गेल्या त्या दिवशी, हे काही त्या माउलीला शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि त्या वेळी तिला दुसरे उद्योगही होते. तेव्हा साहेब तिन्ही दिवस पेढे वाटत. वर्षातले ते तीन दिवस आमच्या कचेरीला साहेबांचा सिद्धान्त पूर्ण पटलेला असे.

कचेरीच्या अंगणात दोन दगड होते. जमिनीत पुरलेले, वर तोंड करून. प्रत्येकावर एक फुली कोरलेली. एका फुलीपासून दुसऱ्या फुलीपर्यंत तेहतीस फूट, कारण आमची साखळी तेहतीस फुटी. तिच्या एका चौरसाला एक गुंठा. लोखंडी कड्यांची ही साखळी चिखलातून, काट्यांतून, बांधांवरून ओढली की हळूहळू वाढते. कड्या उघडतात, झिजतात. कधी एखादी कडी वाकली की कमीही भरते. म्हणून रोज सकाळी कामाला निघण्याआधी साखळी या दोन दगडांवर टाकायची, ताणून बघायची, आणि वहीत लिहायचं: आज साखळी अधिक अर्धा इंच. आज उणे पाव इंच. मग दिवसभर जे मोजाल त्यात ती दुरुस्ती करायची.

आणि दगड बरोबर आहेत कशावरून? हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारला होता, आगाऊपणे. साहेबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मला आता जावई करून घेतात की काय. त्यांनी मला घरी नेलं. ओटीवर, भिंतीच्या कडेनं, एक लांबच लांब पेटी होती. तिच्यावर कुणीही बसायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. आत काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली सागाची काठी, तेल पाजलेली, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. अकरा फूट. तीनदा टाकली की तेहतीस. दरवर्षी खंडेनवमीला साहेब ही काठी बाहेर काढत, तिनं दगड तपासत, दगडांना हळदकुंकू वाहत आणि साखळीला झेंडूची माळ घालत.

"आणि काठी बरोबर कशावरून?" मी विचारलं.

दर तीन-चार वर्षांनी ते काठी गाडीनं पुण्याला नेत. तिथं मोठ्या कचेरीत पितळी पट्टी होती, तिच्याशी ताडून आणत. एकदा पार्सलच्या बाबूनं पावतीवर 'काठी एक, अकरा फूट' असं लिहिलं, तर साहेबांनी त्याला पुढे 'अंदाजे' लिहायला लावलं आणि त्यापायी गाडी चुकवली. मी आणखी पुढे जाऊन विचारलं, पितळी पट्टीला कुणी तपासलं? तर म्हणाले, तिच्याहून थोर पट्टीनं. असं वर वर जात राहायचं. "पण वर कुठेही शून्य चूक नाही बरं का. जितकं वर जावं तितकी चूक बारीक होते. आणि तितकी ती नीट लिहून ठेवलेली असते. मोठेपण तेवढंच."

माझा पहिला पराक्रम मसोलीला झाला. एका तुकड्याची बाजू तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहायचे, असा साहेबांचा नियम. ऊन मी म्हणत होतं. मी एकदा मोजली, सात साखळ्या आणि चार फूट, आणि तोच आकडा तीन वेळा सुवाच्य अक्षरात लिहून आंब्याखाली आडवा झालो. संध्याकाळी साहेबांनी कागद बघितला आणि मला 'तुम्ही' म्हणाले. हे आमच्याकडे वादळाचं चिन्ह होतं. ते खूश असले की तू म्हणत, रागावले की तुम्ही.

"तुम्ही हे तीनदा मोजलंत?"

"हो साहेब."

"तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा बोटभरही फरक नाही? मी गेली वीस वर्षं मोजतोय, मला अजून जमलं नाही. उद्या सकाळी मला शिकवा."

सकाळी मी शिकवलं. तीन वेळा मोजलं, तीन आकडे आले. पहिल्या आणि तिसऱ्यात सात बोटांचं अंतर. साहेबांनी तिन्ही लिहून घेतले आणि मग एकदम 'तू' वर आले. म्हणाले, "हे बघ, आता मला या बाजूबद्दल दोन गोष्टी कळल्या. लांबी किती, आणि ती किती भरवशाची. काल तू मला पहिली सांगितलीस आणि दुसरी चोरलीस." मी त्यांच्या पायांकडे बघत उभा होतो. साखळी ओढणारा आमचा गडी देवजी, मसोलीचाच, तो माझ्या मागे उभा राहून आंब्याकडे बघत होता.

पुढे द्विभाषिक राज्य मोडून दोन राज्यं झाली तेव्हाची गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. तलासरीच्या बाजारात तेव्हा दुसरा विषय नव्हता. अमुक गाव इकडे, तमुक तिकडे. चहाच्या दुकानात एकानं नकाशा पसरला आणि साहेबांना विचारलं, नेमकी हद्द कुठली? साहेबांनी चष्मा चढवला. नकाशा इंचाला वीस साखळ्यांचा. त्यावर पेन्सिलीची रेघ. रेघेवर नख ठेवून ते म्हणाले, "ही रेघ इंचाचा पन्नासावा भाग जाड आहे. म्हणजे जमिनीवर तेरा फूट. हिच्या पोटात म्हैस बांधली तर दूध कुठल्या राज्यात काढलं हे मी तरी सांगू शकणार नाही." दुकानदार गुजराती. तो म्हणाला, "साहेब, म्हैस तिथेच बांधा, दूध मी घेईन." त्या दिवशी दोन्ही राज्यांचा चहा फुकट झाला.

आता माझा दुसरा पराक्रम. तो या राज्य मोडण्याच्या आधीचा, आणि तोच या लेखाचं खरं कारण आहे. तेव्हा मी कायम झालेलो नव्हतो. साहेबांनी वर्षाअखेरीला माझ्याबद्दल शेरा लिहायचा, तो ठाण्याला जायचा, आणि त्यावर मी नोकरीत राहणार की गावी परत जाऊन वडिलांचं ऐकणार हे ठरायचं.

चैत्र असेल. साहेब मुलीच्या बाळंतपणासाठी सव्वादोन महिन्यांच्या रजेवर गेले होते. मी आणि देवजी तलासरीकडच्या डोंगरातल्या गावात मोजणी आटोपून बैलगाडीनं परत येत होतो. वाटेतल्या ओहोळात पाणी थोडं पण चिखल भरपूर, आणि चाक आसापर्यंत रुतलं. गाडीवान म्हणाला, दोर हवा. दोर नव्हता. मी म्हणालो, दोर कशाला, साखळी आहे की.

देवजी म्हणाला, "भाऊसाहेब, ही मोजायची साखळी आहे."

मी म्हणालो, लोखंड आहे, काही होत नाही. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीचे बैल जुंपले, साखळी बांधली, आणि गाडी बाहेर आली. मला त्या वेळी स्वतःबद्दल जे वाटलं ते नंतर कधीच वाटलं नाही.

डहाणूला आलो तर कचेरीत गवंडी. ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि अंगणात फरशी बसवायचं चाललं होतं. दोन्ही दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते, मार खाल्लेल्या मुलांसारखे. गवंडी म्हणाला, हे परत कुठे लावायचे ते सांगा. निमतानदार रजेवर, कचेरीत जाणता असा मीच. काठी साहेबांच्या ओटीवर होती, पण तिला हात लावायला काकूंची परवानगी मागायची म्हणजे पेटीबद्दल आख्यान ऐकायचं. मी शांतपणे माझी साखळी काढली, फरशीवर ताणली, तिच्या दोन टोकांवर दोन दगड बसवले आणि गवंड्याला म्हणालो, सिमेंट घाला, पक्कं करा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नियमाप्रमाणे, मी साखळी त्या दगडांवर तपासली.

तंतोतंत. केसाचा फरक नाही. मी वहीत लिहिलं: शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. चौथ्या दिवशीही. मला वाटलं, माझा हात बसला. सत्तावीस दिवस मी वहीत शून्य लिहीत होतो आणि प्रत्येक शून्य आदल्या दिवसापेक्षा वाटोळं काढत होतो.

त्या सत्तावीस दिवसांत मी चिखले गावात काशीबायची वाडी मोजली. काशीबाय विधवा, वय साठीच्या आसपास, एकटीनं वाडी राखलेली. केळी, पानवेल, आणि तीन वर्षांची चिकूची कलमं. कलमं म्हणजे लेकरंच, उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की मान टाकतात. सगळी वाडी एका विहिरीवर आणि तिच्या रहाटावर. शेजारी तिचा चुलत पुतण्या, दामू. हद्दीचा दगड कधीचा हरवलेला. दामूनं मोजणी मागवली होती. गावशिवेच्या दगडापासून दामूची जमीन ओलांडून बरोबर वीस साखळ्यांवर हद्द, असं नकाशा सांगत होता. मी वीस साखळ्या टाकल्या आणि खुंटी ठोकली. रेघ काशीबायच्या विहिरीच्या पोटातून गेली. रहाट उभा होता तो काठ दामूच्या हद्दीत.

काशीबाय कमरेवर हात ठेवून खुंटीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाबा, तुझी साखळी लांब आहे."

मी हसून सांगितलं की बाय, सरकारी साखळी आहे, रोज तपासलेली. तिनं सांगितलं की सासऱ्यानं रहाटाचा सोल, म्हणजे दोर, टाकून मोजलं होतं, विहीर हद्दीच्या आत दीड हात आहे. काथ्याचा सोल, म्हटलं, भिजला की आखडतो, वाळला की सुटतो, त्याचा काय भरवसा. आणि कागद करून दिला. पंधरा दिवसांत रहाट काढून घ्यावा. दामूनं मला टोपलीभर चिकू दिले. ते मी घेतले आणि, सांगायला लाज वाटते, फार गोड होते.

साहेब परत आले ते हा कागद दिल्यापासून तेराव्या दिवशी. नातू झाला होता. त्याचं वजन, अधिक-उणे, सगळ्या कचेरीला सांगून झालं. मग ते खुर्चीवर बसले आणि सवयीनं वही उघडली. मी समोर उभा होतो, शाबासकी घ्यायला.

त्यांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग म्हणाले, "तुम्ही जरा बसा."

मी बसलो.

"सत्तावीस दिवस शून्य?"

"हो साहेब. साखळी फार चांगली आहे."

"माझी साखळी वीस वर्षांत दोनदा शून्यावर आली. दोन्ही वेळा मी चष्मा घरी विसरलो होतो." ते उठून खिडकीशी गेले आणि अंगणातल्या फरशीकडे बघत राहिले. "ते दगड तुम्ही बसवलेत? कशानं मोजून?"

मी म्हणालो, साखळीनं. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताना मला कळलं. साखळीनं दगड बसवले, आणि रोज सकाळी त्याच दगडांवर साखळी तपासली. मी साखळीला विचारत होतो, तू खरं बोलतेस ना, आणि साखळी म्हणत होती, हो.

काठी आली. लुगडं सोडलं. साहेब फरशीवर गुडघे टेकून तीनदा काठी टाकत गेले, मग उलट बाजूनं तीनदा. तेहतीस फूट माझ्या दुसऱ्या फुलीच्या अलीकडेच संपले. अंतर तीन इंच. देवजीनं मग ओहोळातल्या गाडीची गोष्ट सांगितली. माझ्यावर काही न ढकलता सांगितली, त्यामुळे ती आणखीच वाईट ऐकू आली.

साहेब फरशीवरच बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसून, पुन्हा हसत होते. "अरे, साखळीनं बैल बांधतात ते मी पाहिलंय, बैलांनी साखळी ओढलेली पहिल्यांदा ऐकतोय." कारकून हसला, देवजी हसला, मीही थोडा हसलो. मग साहेब एकदम थांबले.

"या साखळीनं काय काय मोजलंस?"

बाकीचे तुकडे लहान होते, एक-दोन साखळ्यांची, आणि अजून कुणाच्या हातात कागद गेलेला नव्हता. चिखल्याचा मात्र गेला होता. रहाट काढायला दोन दिवस उरले होते. मी सांगितलं. वीस साखळ्या, प्रत्येकी तीन इंच. हिशोब करायला कागद लागला नाही. पाच फूट.

"मोजताना हात हलतो, जमीन उंचसखल असते, कुणी जोरात ओढतं, कुणी सैल सोडतं," साहेब म्हणाले. "त्या चुका कधी इकडे जातात, कधी तिकडे, आणि बऱ्याचशा आपापसात मिटतात. तुझे तीन इंच मात्र वीसही वेळा एकाच बाजूला गेले. त्यांना मिटवायला समोरून कुणी आलंच नाही. ऊठ. टांगा सांग."

निघण्याआधी त्यांनी एक काम केलं. दगड उपटू दिले नाहीत. माझ्या फुलीच्या अलीकडे तीन इंचांवर नवी फुली कोरायला लावली आणि माझी तशीच ठेवली. म्हणाले, पुढच्या मोजणीदारांना दिसू दे. ती अनेक वर्षं दिसत होती. नव्या माणसाला तिची गोष्ट सांगायचं काम कचेरीनं आवडीनं केलं.

मी दुसरी साखळी घ्यायला गेलो तर साहेबांनी अडवलं. "तीच घे. आता ती किती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असलेली खोटी साखळी चालते."

चिखल्याला पोचलो तेव्हा काशीबाय रहाटावर म्हशीला हाकत होती आणि पाणी कलमांकडे सोडत होती. दोनच दिवसांचं पाणी उरलंय असं समजून तिनं आळी काठोकाठ भरली होती. मला बघून ती थांबली नाही. दामूला बोलावणं गेलं. तो आला, तेव्हा साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा." मी दोघांसमोर सांगितलं की मोजणी चुकली. साखळी लांब होती. चूक माझी.

काशीबायनं म्हशीला थांबवलं. "मी काय म्हणाले होते?"

"साखळी लांब आहे, म्हणाला होतात."

"आणि तू काय म्हणालास?"

"सरकारी आहे, म्हणालो."

"हां," ती म्हणाली, आणि रहाटावरून उतरली.

पुन्हा मोजणी सुरू झाली. साहेबांनी पहिल्यांदा मला आणि देवजीला टोकं दिली. वीस साखळ्या टाकल्या आणि खुंटी बरोबर माझ्या जुन्या खुंटीशेजारी पडली, विहिरीच्या पोटाशी. दामूच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. काशीबायनं पदर खोचला. पण साहेब म्हणाले, अजून झालं नाही. त्यांनी खिशातली फुटपट्टी काढली आणि खुंटीपासून मागे, दामूच्या बाजूला, पाच फूट मोजून दुसरी खुंटी ठोकली. साखळी दर वेळी तीन इंच जास्त चालली, तेव्हा वीस वेळांचं परत द्यायचं, असं त्यांनी दामूला फुटपट्टीवर बोट ठेवून समजावलं. दामूनं बोटांवर मोजून बघितलं, आणि मान्य करायला नको होतं तरी मान्य केलं.

दुसऱ्या वेळी टोक दामूच्या हातात दिलं. तो असा ओढत होता की देवजी दोनदा पालथा पडला. पाच फूट मागे येऊन दुसरी खुंटी, चार बोटं पलीकडे. तिसऱ्या वेळी टोक काशीबायच्या हातात. तिनं साखळी म्हशीच्या दाव्यासारखी धरली. तिसरी खुंटी आणखी वेगळीकडे. तिन्ही खुंट्या मिळून वीतभराच्या आत.

"तीन खुंट्या कशाला?" काशीबाय म्हणाली. "एक काय ती खरी ठोक ना."

"बाय, खरी या तिघींच्या आसपास आहे. नेमकी कुठे, ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं जो म्हणेल त्याच्यावर तू विश्वास ठेवू नकोस." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. मग चुना मागवला. तिन्ही खुंट्यांना पोटात घेऊन, शिवाय काठीची, दगडांची आणि आमच्या हातांची चूक धरून, हातभर रुंदीचा पट्टा आखला. "हद्द या पट्ट्यात आहे. याच्या बाहेर नाही, एवढं मी सही करून सांगतो."

मग ते पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसले आणि तिथून विहिरीच्या काठापर्यंत वीत टाकली. पूर्ण एक वीत बसली.

"दामू, तू बघ. तुझ्या वितीनं."

दामूनं वीत टाकली. त्याचीही बसली.

"या पट्ट्यात हद्द कितीही तुझ्या काकीच्या बाजूला सरकवली तरी विहिरीला शिवत नाही," साहेब म्हणाले. "विहीर तिची. याला अधिक-उणे नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं. देवजीनंही ऐकलं, मी त्याला नंतर विचारून खात्री करून घेतली.

काशीबाय विहिरीच्या कठड्यावर बसली आणि जरा वेळ तिनं पाण्यात बघितलं. मग उठून म्हशीला पुन्हा जुंपलं, कारण दोन आळी अजून राहिली होती.

दामू चुन्याच्या पट्ट्याकडे बघत होता. त्यानं विचारलं की मग ह्या पट्ट्यात नांगर कुणी घालायचा. साहेब म्हणाले, कागदावर मधून रेघ जाईल, पण इथं कुणी नांगर घालू नये आणि भिंतही बांधू नये, एवढं दोघांनी पाळावं. रहाटावरून काशीबाय ओरडली की ती तिथं अळू लावील, विहिरीच्या ओलीवर चांगला येईल.

"मग पानं मी पण तोडणार," दामू म्हणाला.

"तोड की. तुझी बायको वड्या बऱ्या करते. चार मला आणून दे."

निघताना काशीबायनं टांग्यात केळीचा घड ठेवला. साहेब म्हणाले, सरकारी माणसानं काही घ्यायचं नसतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की दामूच्या चिकूंचं काय झालं. मी म्हणालो, संपले. घड उतरवला गेला. त्याऐवजी काशीबायनं साहेबांना सासऱ्याचा सोल दाखवला, आणि साहेबांनी तोही ताणून, मोजून, वहीत लिहिला. दीड हात म्हणत होता सासरा, सोल दोन हात सांगत होता. "बघ, म्हातारा सोलाचं अधिक-उणे सोडून बोलत होता," ते टांग्यात मला म्हणाले. तेवढा आनंद त्यांना नातवाचाही झाला नसेल.

परतल्यावर त्यांनी मला झालेल्या चुकीचा अहवाल स्वतःच्या हातानं लिहायला लावला. ओहोळ, बैल, दगड, सत्तावीस शून्यं, सगळं. त्याखाली त्यांनी सही केली आणि अहवाल ठाण्याला गेला. मी गावी पत्र लिहिलं की कदाचित येतोय.

वर्षाअखेरीला शेऱ्यांचे कागद निघाले. ते गोपनीय असतात, म्हणजे कारकुनानं वाचून दाखवले. माझ्यासमोर साहेबांच्या बारीक अक्षरात एवढंच होतं: 'मोजणीदाराचे काम भरवशाचे. अधिक-उणे तीन इंच.'

ठाण्याहून तो कागद परत आला. वर लाल शाईत प्रश्न होता: अधिक-उणे म्हणजे काय, खुलासा करावा. कचेरीत सगळे माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखे बघत होते. साहेबांनी कागद पुढ्यात ओढला, टाक बुडवला आणि लाल शाईच्या खाली एक ओळ लिहिली. ती ओळ मला अजून पाठ आहे.

'शून्य असते तर मी सही केली नसती.'

त्यानंतर महिन्याभरात मी कायम झालो. महिना म्हणजे, पाच-सहा दिवस इकडे किंवा तिकडे.